‘सांगली रोड, मिरज’: खोट्या ईमेलमधली लिंक पकडणाऱ्या साधनांचा आढावा

मार्चअखेर आली की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या कुठल्याही अडत दुकानाचा ईमेल उघडून बघा. जीएसटीची नोटीस, प्राप्तिकराचा परतावा, अडकलेलं पार्सल, ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे’, बँकेचं केवायसी. यातले काही मेल खरे असतात, हीच खरी पंचाईत. सगळेच खोटे असते तर सरसकट पुसून टाकता आले असते. त्यात हळदीचे सौदे ऐन भरात असतात आणि दिवाणजीला प्रत्येक मेलची कुंडली मांडायला सवड नसते.

दुकान, दवाखाना, सीएचं ऑफिस किंवा पतसंस्थेची शाखा अशा ठिकाणी वापरता येतील अशी साधनं इथे तपासली आहेत. आउटलुकची एक सोय सोडली तर सगळी फुकट आहेत. ती ढोबळपणे दोन जातींची आहेत. एक जात लिंकचा खरा पत्ता समोर ठेवते आणि गप्प बसते. दुसरी ‘सुरक्षित’ किंवा ‘धोकादायक’ असा निकाल देते. लोकांना दुसरी आवडते, कारण डोकं चालवावं लागत नाही. आमचं मत उलटं आहे. निकाल देणारं साधन नेमकं ताज्या फसवणुकीच्या वेळी चुकतं, आणि पत्ता दाखवणारं साधन त्याच वेळी कामाला येतं. अर्थात पत्ता वाचता आला पाहिजे, म्हणून आधी तेवढं बघू.

(पुढे सगळे वेबपत्ते फोनवर सांगतात तसे ‘डॉट’, ‘स्लॅश’ म्हणत अक्षरांत लिहिले आहेत. म्हणजे कुणाचं बोट लागलं तरी काही उघडणार नाही. खोटे पत्ते नमुन्यादाखल रचलेले आहेत.)

पत्ता उजवीकडून वाचायचा

पाकिटावर ‘सांगली रोड, मिरज’ असं लिहिलं असेल तर पत्र मिरजेला जातं. ‘सांगली’ हा शब्द आधी आला म्हणून पोस्टमन ते सांगलीच्या वखारभागात आणून टाकत नाही. वेबपत्त्याचंही तसंच. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा. तिथून पुढची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा. त्या दोहोंमधला भाग घ्या आणि शेवटाकडून वाचा.

नमुना: ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-तपासा डॉट टॉप स्लॅश लॉगिन’. स्लॅशच्या आधी शेवटचं काय? ‘डॉट टॉप’. त्याच्या अलीकडे ‘रिफंड-तपासा’. जागेचा मालक हा. डावीकडचं ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ म्हणजे त्याने आपल्या घरातल्या खोलीला दिलेलं नाव, आणि खोलीला काहीही नाव द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. स्लॅशच्या उजवीकडच्या भागालाही काही किंमत नाही, तिथेही सरकारी नाव फुकटात लिहिता येतं.

शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट टॉप’ असेल तर त्याच्या डावीकडचा एक शब्द मालकाचा. ‘डॉट को डॉट इन’, ‘डॉट गव्ह डॉट इन’ अशी जोडी असेल तर जोडीच्या डावीकडचा. ‘डॉट गव्ह डॉट इन’ची नोंदणी फक्त सरकारी खात्यांना मिळते, म्हणून ती जोडी अगदी शेवटी असेल तर मोठा भरवसा. पण जोडणारी आडवी रेघ म्हणजे डॉट नव्हे. ‘इन्कमटॅक्स-गव्ह-इन डॉट कॉम’ हा एकच लांबलचक शब्द आहे आणि तो कुणीही विकत घेऊ शकतो. घाईत डोळा या रेघेवरून घसरतो.

आणखी तीन खोड्या माहीत हव्यात. पहिली ‘ॲट’च्या चिन्हाची. स्लॅशच्या आधी पत्त्यात हे चिन्ह असेल तर त्याच्या डावीकडचं सगळं ब्राउझर लॉगिनचं नाव समजतो आणि उजवीकडच्या जागी जातो. म्हणजे डावीकडे बँकेचं नाव, जायचं भलतीकडे. दुसरी दिसण्याची. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून लिहिले की ‘एम’ दिसतो. लहान ‘एल’, मोठा ‘आय’ आणि एकचा आकडा एकमेकांत मिसळतात. तिसरी परक्या लिपीची. रशियन लिपीतला ‘अ’ इंग्रजी ‘ए’सारखाच दिसतो. अशा पत्त्याचं तांत्रिक रूप ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघा यांनी सुरू होतं आणि संशय आला की ब्राउझर तेच दाखवतात. मात्र ‘एक्सएन’ दिसलं म्हणजे चोरच असं नाही. देवनागरीत नोंदवलेल्या ‘डॉट भारत’ पत्त्याचंही आतलं रूप असंच असतं.

बँकांच्या बाबतीत अलीकडे एक चांगली गोष्ट झाली. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं. ही नोंदणी आयडीआरबीटी ही एकच संस्था करते आणि फक्त बँकांनाच देते. नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्यात आल्या. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची बँक नसते, त्यामुळे तिला हा पत्ता मिळत नाही. सांगली-साताऱ्यात पतसंस्थांचं जाळं दाट आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं: पतसंस्थेच्या पत्त्यात ‘बँक डॉट इन’ नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि असलं तर मात्र जरूर विचारायला जा.

कॉम्प्युटरवरचं जीमेल: पाचपैकी साडेचार

लिंकवर किंवा बटणावर माऊस नुसता न्यायचा, दाबायचं नाही. ब्राउझरच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. मेलमध्ये निळ्या अक्षरांत दिसतो तो नुसता मजकूर. तिथे बँकेचा शुद्ध पत्ता लिहून खाली दुसराच जोडता येतो. पत्ता लांब असेल तर माऊस क्षणभर तसाच ठेवा, पट्टी लांबते. तरी शेवट दिसला नाही तर राइट क्लिक करून ‘कॉपी लिंक ॲड्रेस’ घ्या आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. ब्राउझरच्या पट्टीत चिकटवू नका, सवयीने एंटर दाबला जातो.

पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘टू मी’ असतं, त्याच्या शेजारचा छोटा बाण दाबला की ‘मेल्ड बाय’ आणि ‘साइन्ड बाय’ या दोन ओळी दिसतात. नाव ‘प्राप्तिकर विभाग’ आणि सही कुठल्यातरी अनोळखी ‘डॉट कॉम’ची, तर पुढे वाचायची गरज नाही. अजून खोलात जायचं असेल तर उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग ‘शो ओरिजिनल’. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी येतात; पाठवणाऱ्याचा पत्ता अस्सल आहे का, याच्या या तीन तपासण्या. या ओळींत ‘फेल’ असेल तर ते मोठं वाईट लक्षण. पण ‘पास’चा अर्थ नीट घ्या. मेल त्या पत्त्याच्या मालकानेच पाठवला, एवढंच ‘पास’ सांगतो. मालक साव आहे की चोर, हे त्यात येत नाही. ‘रिफंड-तपासा डॉट टॉप’ विकत घेणारा भामटाही तिन्ही ओळी रीतसर ‘पास’ करून घेतो. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांवर मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना गूगलने हे तिन्ही सक्तीचे केले, तेव्हापासून तर चोरांचे कागदही चोख असतात.

अर्धा गुण कापला तो शेवटच्या मुक्कामासाठी. जाहिरात करणाऱ्या खऱ्या कंपन्याही क्लिक मोजण्यासाठी लिंक तिसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावरून फिरवतात, त्यामुळे खऱ्या मेलमध्येही खाली विचित्र पत्ता दिसू शकतो. तिथे माऊस नेऊन काही कळत नाही.

फोनवरचं जीमेल: अडीच

आपल्याकडे बहुतेक मेल फोनवरच वाचले जातात आणि नेमकं तिथेच हत्यार बोथट आहे. माऊस नाही. लिंक दाबून धरली की चौकटीत पत्ता आणि कॉपी करण्याचा पर्याय येतो. पण दाबून धरणं आणि दाबणं यात एका क्षणाचं अंतर, आणि हाताला हळद लागलेली. पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, पत्ता बघायला ‘टू मी’चा बाण दाबावा लागतो. ‘शो ओरिजिनल’ ॲपमध्ये नाहीच. सर्वांत मोठी अडचण म्हणजे अरुंद पडद्यावर पत्ता कापला जातो आणि बऱ्याचदा उजवीकडून कापला जातो. म्हणजे ‘सांगली रोड’ दिसतो आणि ‘मिरज’ गायब. पैशाचा किंवा पासवर्डचा विषय असलेला मेल फोनवर वाचावा, पण त्यातली लिंक तिथे उघडू नये, एवढा नियम दुकानात केला तरी निम्मं काम होतं.

आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये एक खाचखळगा आहे. लिंक दाबून धरली की ते ॲप पानाची झलक दाखवतं, म्हणजे पान प्रत्यक्षात उघडतंच. ‘हाइड प्रिव्ह्यू’ एकदा दाबून ठेवा, पुढे नुसता पत्ता दिसतो.

आउटलुक आणि थंडरबर्ड

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांत आणि मोठ्या ऑफिसांत आउटलुक असतं. मायक्रोसॉफ्टच्या पैसे भरायच्या काही योजनांत ‘सेफ लिंक्स’ नावाची सोय येते. ती प्रत्येक लिंक बदलून ‘सेफलिंक्स डॉट प्रोटेक्शन डॉट आउटलुक डॉट कॉम’वरून नेते आणि क्लिकच्या क्षणी तपासते. कल्पना उत्तम आहे, कारण मेल सकाळी आला तेव्हा निर्दोष असलेलं पान दुपारी बदललेलं असू शकतं. किंमत ही की मूळ पत्ता टक्क्याच्या चिन्हांच्या जंजाळात लपतो. ‘यूआरएल’ (म्हणजे वेबपत्ता) आणि त्याला लागून बरोबरचं चिन्ह जिथे येतं तिथून पुढे मूळ पत्ता सुरू होतो; ‘टक्का-३ए’ म्हणजे अपूर्णविराम, ‘टक्का-२एफ’ म्हणजे स्लॅश. आणि लोक ‘सेफ’ हा शब्द बघून निर्धास्त होतात. तिथे ‘सेफ’ म्हणजे ‘तपासणीतून जाणार आहे’, एवढंच.

थंडरबर्ड हे कॉम्प्युटरवर मेल वाचायचं जुनं, साधं आणि आमच्या मते कमी लेखलं गेलेलं साधन. मेलमध्ये दिसणारा पत्ता एक आणि आतला दुसरा असेल तर ते मेलच्या डोक्यावर फसवणुकीचा इशारा लावतं. तरीही लिंक दाबली तर दोन्ही पत्ते समोरासमोर ठेवून विचारतं. खऱ्या जाहिरातींवरही ते ओरडतं, म्हणून काही लोक इशारा बंद करून टाकतात. तसं करू नये. ‘व्ह्यू’मध्ये ‘मेसेज बॉडी ॲज’ आणि पुढे ‘प्लेन टेक्स्ट’ निवडलं की चित्रं, बटणं, बोधचिन्हं गळून पडतात आणि बहुतेक मेलमध्ये लिंकांचे पत्ते उघडेबोडके दिसतात. बँकेच्या बोधचिन्हाचा रंग गेला की निम्म्या मेलची जादूच संपते. हळकुंड मोडून आतला रंग बघावा, तसा हा प्रकार. पाचपैकी साडेचार, बसवायला पंधरा मिनिटं.

व्हायरसटोटल आणि यूआरएलस्कॅन: वापरा, पण उलट्या दिशेने

ही निकाल देणारी जात. व्हायरसटोटल हे संकेतस्थळ २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालं आणि २०१२ मध्ये गूगलने घेतलं. ‘यूआरएल’ या भागात लिंक चिकटवायची, सत्तरहून जास्त सुरक्षा कंपन्यांची मतं एका पानावर येतात. यूआरएलस्कॅन वेगळं काम करतं. ते आपल्या वतीने पान उघडतं, त्याचा फोटो काढतं, वाटेत किती वळणं घेतली आणि शेवटी कुठल्या पत्त्यावर पोचलं ते सांगतं. वर सांगितलेल्या फिरवलेल्या लिंकांसाठी हेच साधन उपयोगी पडतं. दोन्हींत निवड करायची झाली तर आम्ही यूआरएलस्कॅन घेऊ, कारण ते दाखवतं.

चुकतं कुठे? व्हायरसटोटलवर ‘शून्य’ आलं की लोक हुश्श करतात. पण शून्याचा अर्थ ‘अजून कुणी पकडलेलं नाही’ एवढाच. फसवणुकीची पानं फार अल्पायुषी असतात. दुर्भावनेच्या पानाचं सरासरी आयुष्य दहा मिनिटांपेक्षा कमी असतं असं गूगलनेच २०२४ मध्ये सांगितलं होतं. यादीत नाव येईपर्यंत चोर दुसऱ्या गावाला गेलेला असतो. म्हणून नियम असा: पाचसहा कंपन्यांनी लाल म्हटलं तर विषय संपला, शून्य आलं तर काहीच सिद्ध झालं नाही, पत्ता वाचायला परत या. एकाच कंपनीने लाल म्हटलं तर तो कधीकधी नुसता गैरसमज असतो, तिथेही पत्ताच निर्णय देईल.

दुसरी गोम पानाच्या चतुराईची. काही पानं फक्त मोबाइलवर किंवा फक्त भारतातून आलेल्याला खरा चेहरा दाखवतात आणि तपासणाऱ्या यंत्राला कोरं पान देतात. काही आधी ‘मी यंत्र नाही’ची चौकट टाकतात, तिथेच तपासणी अडकते. फोटोत कोरं पान किंवा गूगलचं मुखपृष्ठ आलं तर ते निर्दोषपणाचं लक्षण समजू नका, उलट संशय वाढवा.

तिसरी गोष्ट सांगितली जात नाही आणि ती महत्त्वाची आहे. या दोन्ही ठिकाणी टाकलेली लिंक इतरांना दिसू शकते. यूआरएलस्कॅनवर ‘पब्लिक’, ‘अनलिस्टेड’, ‘प्रायव्हेट’ असे पर्याय आहेत, काही न निवडता टाकलं तर ते सार्वजनिक होतं. पासवर्ड बदलण्याची, बिलाची किंवा रुग्णाच्या रिपोर्टची खरी लिंक तिथे टाकली तर ती चावी चव्हाट्यावर टांगल्यासारखी होते. मिरजेतल्या दवाखान्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर लांबलचक अक्षरं-आकडे असतील तर तो भाग कापून फक्त पहिल्या एकेरी स्लॅशपर्यंतचा पत्ता तपासा.

आखूड केलेल्या लिंकांसाठी सोपी युक्ती आहे. ‘बिट डॉट एलवाय’च्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह जोडून उघडली तर थेट तिथे न जाता ती कुठे जाते याची माहिती दिसते. ‘टायनीयूआरएल’ला आधी ‘प्रिव्ह्यू डॉट’ जोडायचं.

पत्त्याचं वय बघायचं असेल तर ‘लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग’वर नुसतं नाव टाका आणि ‘क्रिएटेड’ची तारीख पाहा, ‘डॉट इन’ने संपणाऱ्या नावांसाठी ‘रजिस्ट्री डॉट इन’. जुन्या बँकेच्या नावाचा पत्ता गेल्या मंगळवारी जन्मलेला असेल तर उत्तर मिळालं. उलट खरं नाही. कुणाचं तरी जुनं, दुर्लक्षित संकेतस्थळ फोडून त्याच्या पोटात खोटं पान बसवतात, तेव्हा तारीख दहा वर्षांपूर्वीची निघते.

पासवर्ड मॅनेजर: पाचपैकी पाच, एका अटीवर

पासवर्ड जपून ठेवणारं आणि आपोआप भरणारं हे साधन खोट्या लिंका ओळखण्यासाठी बनलेलं नाही, तरी सर्वांत भारी तेच आहे. क्रोममधलं गूगलचं असो वा बिटवॉर्डन, ते पासवर्ड अक्षरांच्या दिसण्यावर देत नाही, पत्ता जुळवून देतं. ‘आर-एन’ आणि ‘एम’मध्ये माणूस फसतो, ते फसत नाही. पान हुबेहूब बँकेचं, आणि नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नाही? थांबायचं. ‘बिघडलंय बहुतेक’ म्हणून पासवर्ड शोधून हाताने टाकला की सगळं मुसळ केरात. हीच ती अट.

सध्या एक खरी अडचण आहे. बँका ‘बँक डॉट इन’वर गेल्यामुळे जुन्या पत्त्याखाली जपलेला पासवर्ड नव्या, खऱ्या पानावरही भरला जात नाही. म्हणजे इशारा आणि गैरसोय दिसायला सारखीच. यावर उपाय एकच. नवा पत्ता पासबुकावरून किंवा शाखेतल्या फलकावरून घ्या, स्वतः टाइप करा, एकदा लॉगिन करून तिथे पासवर्ड नव्याने जपा आणि जुनी नोंद पुसा. मेलमधून आलेल्या ‘आमचा पत्ता बदलला आहे’ या लिंकवरून हे कधीही करू नका, चोरांनाही तो बदल माहीत आहे.

ओटीपी आहे म्हणून भीती नाही, हा समजही सोडावा. खोटं पान तुमचा पासवर्ड आणि ओटीपी त्याच मिनिटाला खऱ्या पानावर टाकतं. पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटठशाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय) मात्र पत्त्याला बांधलेली असते, खोट्या पत्त्यावर ती चालतच नाही. गूगल खात्याला ती आजच लावता येते.

ब्राउझरची लाल पाटी आणि कुलूप

पूर्ण पडदा लाल करून क्रोम अडवतं ती पाटी बहुधा बरोबर असते, ओलांडू नये. पाटी आली नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं मात्र नाही. सेटिंगमध्ये ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ चालू केलं तर पकड वाढते, बदल्यात उघडलेल्या पानांची जास्त माहिती गूगलकडे जाते. ऑफिसच्या मशीनवर हा सौदा आम्हाला परवडणारा वाटतो.

पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाच्या चिन्हाबद्दल एका वाक्यात: ते फुकट मिळतं, चोराच्या पानालाही असतं, आणि क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं.

जिथे पत्ता खरा निघतो तरीही

‘साइट्स डॉट गूगल डॉट कॉम’वर कुणीही पान बांधू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये उघड झालेल्या एका प्रकारात गूगलच्या स्वतःच्या पत्त्यावरून, गूगलच्या खऱ्या सहीसकट मेल आले. गूगलनेच तयार केलेली एक खरी सूचना चोरांनी पुढे ढकलली होती. डीकेआयएम पास, पाठवणारा गूगल, आणि लिंक साइट्सवरच्या खोट्या पानाची. पत्ता उजवीकडून वाचला तरी ‘गूगल डॉट कॉम’च निघतो. इथे डावीकडचा शब्द बघावा लागतो: लॉगिन ‘अकाउंट्स डॉट’वर होतं, ‘साइट्स डॉट’वर कधीच नाही. ‘डॉट वेब डॉट ॲप’, ‘डॉट पेजेस डॉट डेव्ह’, ‘डॉट गिटहब डॉट आयओ’ यांचंही असंच. इमारत नामांकित कंपनीची, गाळा कुणाचाही. गूगल फॉर्मवर पासवर्ड मागितला तर त्याच पानाच्या तळाशी ‘इथे पासवर्ड देऊ नका’ असं गूगलने लिहिलेलं असतं, ते वाचा.

उलटी उदाहरणंही आहेत. फेसबुकच्या खऱ्या सूचना ‘फेसबुकमेल डॉट कॉम’वरून येतात, नाव ऐकून कुणालाही खोटं वाटेल. प्राप्तिकर खात्याचे काही खरे मेल ‘इनसाइट डॉट गव्ह डॉट इन’वरून येतात. गूगलची फसवे मेल ओळखायची चाचणी आहे, आठ प्रश्नांची, कर्मचाऱ्यांना एकदा जरूर सोडवायला द्या. तिचा पत्ता ‘फिशिंगक्विझ डॉट विथगूगल डॉट कॉम’ असा आहे, म्हणजे चाचणीतला नववा प्रश्न शोभावा!

म्हणून नोटिशीच्या बाबतीत लिंकचा वादच नको. ब्राउझर उघडून ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ स्वतः टाइप करा. तिथे लॉगिन न करताही नोटीस पडताळण्याची सोय आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून प्राप्तिकर खात्याच्या पत्रावर डीआयएन हा क्रमांक असतो, तो टाकला की पत्र खरं की खोटं ते कळतं. जीएसटीची नोटीसही ‘जीएसटी डॉट गव्ह डॉट इन’वर लॉगिन केल्यावर दिसतेच. तिथे नसेल तर मेलमधल्या लिंकला हात लावण्याआधी सीएला फोन करा.

लिंक नसलेल्या लिंकाही असतात. मेलमध्ये क्यूआर कोड आला तर त्यावर माऊस नेऊन काही दिसत नाही. मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे माणूस कॉम्प्युटर सोडून फोनकडे वळतो. कॅमेरा पान उघडण्याआधी पत्ता दाखवतो, तो वाचा. ‘बिल’ म्हणून ‘एचटीएमएल’ची फाइल जोडलेली असेल तर ती उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत संकेतस्थळाऐवजी ‘फाइल’ असा शब्द येतो. लॉगिनचं पान तुमच्याच मशीनवर, आणि भरलेला पासवर्ड थेट चोराकडे. व्यापाऱ्याचं बिल सहसा त्या प्रकारात येत नाही. तळाची ‘अनसबस्क्राइब’ही लिंकच असते; जीमेलने वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिलेलं तेवढं वापरा.

दाबलं गेलं तर

नुसतं पान उघडून बंद केलं, काही भरलं नाही, काही उतरवलं नाही, तर बहुधा काही झालेलं नसतं. ब्राउझर आणि फोन अद्ययावत करा, पुरे.

पैसे गेले तर आधी सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला, १९३० ला फोन, मग बँकेला, मग ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार. हाच क्रम ठेवा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता आले तरच परत येण्याची आशा. बँकेला कळवल्याची वेळ लिहून ठेवा, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार पासवर्ड किंवा ओटीपी ग्राहकाने स्वतः देऊन टाकला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे ‘उद्या सकाळी शाखेत जातो’ हे वाक्य महाग पडतं.

पासवर्ड भरला गेला असेल तर तो दुसऱ्या मशीनवरून बदला, तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही, आणि सगळीकडून लॉगआउट करा. इथेच लोक थांबतात आणि पुन्हा अडकतात. चोर आत शिरला की तो आधी एक गुपचूप नियम लावून ठेवतो: बँकेचे किंवा अमुक व्यापाऱ्याचे मेल परस्पर बाहेर पाठवायचे आणि इथून पुसायचे. बेदाण्याच्या किंवा द्राक्षांच्या निर्यातीत ‘आमचं बँक खातं बदललं’ असे मेल अचूक रकमेसह येतात ते यातूनच. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस’ आणि ‘फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप’ हे दोन भाग उघडा, अनोळखी नोंद दिसली तर तिचा फोटो काढून मग पुसा, आणि खात्याशी जोडलेला रिकव्हरी फोन नंबर तुमचाच आहे ना, तेही तिथल्या तिथे बघून घ्या.